पोलो ट्रॅकवर न्यायचीय? आधी टायर, मग रिम, सस्पेन्शन सगळ्यात शेवटी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल, खाली १६ इंची कंपनीच्या रिम, रोज कोथरूड ते हिंजवडी, आणि वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस), तोही गाडी स्वतः चालवत नेऊन त्याच गाडीने परत यायचं. बजेट दीड लाख. यादी अशी की १७ इंची अलॉय रिम, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट), आणि पैसे उरले तर टायर. "दादा, क्रम बरोबर आहे का" असं विचारलंस.

नाही, पूर्ण उलटा आहे. मी पुण्यात अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम करतो त्याला अठरा वर्षं झाली, आणि या क्रमाने खर्च करून नंतर दुसऱ्यांदा खर्च करायला आलेली पोरं इतकी बघितली आहेत की तुझं उत्तर जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाच.

सुरुवात एका हिशोबाने करू कारण तो डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप लागतं. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकतं हे चारच गोष्टी ठरवतात, गाडीचं वजन गुणिले वळणाचा जोर गुणिले गुरुत्वमध्याची उंची, आणि त्याला भागिले दोन चाकांमधलं अंतर. तुझी गाडी तुला धरून ११५० किलो पकड, जोर ०.९ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट, उंची ५२ सेंटिमीटर, चाकांमधलं अंतर १.४६ मीटर, तर साधारण ३६८ किलो आतून बाहेर जातात. या सूत्रात स्प्रिंग कुठे आहे? नाहीये. शॉकअप पण नाही. म्हणजे तू लाखभराचं कॉइलओव्हर लावलंस आणि गाडी दिसायला कमी झुकायला लागली तरी बाहेरच्या टायरवर येणारं ओझं जवळपास तेवढंच राहतं. स्प्रिंग आणि अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं आवरणारा दांडा) फक्त एवढंच ठरवतात की त्या ३६८ पैकी पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती. हे सुद्धा महत्त्वाचं आहे, पण ते वाटणीचं काम आहे, पकड वाढवायचं नाही. पकड रबर देतं. एकटं रबर.

म्हणून आधी टायर, आणि टायरमध्ये सुद्धा पहिला प्रश्न "सगळ्यात भारी कुठला" हा नाही, "आपल्याकडे रीतसर कुठला मिळतो" हा आहे. जून २०२० पासून सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि आयएसआय मार्क तर त्याच्या बऱ्याच आधीपासून सक्तीचा आहे. त्यामुळे परदेशातल्या यूट्यूबवाल्याने सांगितलेला टायर तुझ्या साइजमध्ये पुण्यात मिळेलच असं अजिबात नाही. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, आधी दोन-तीन मोठ्या टायरवाल्यांना फोन कर, तुला हवा त्या जातीचा टायर कुठल्या साइजमध्ये स्टॉकला आहे आणि सहा महिन्यांनी परत मिळेल का ते विचार, आणि मग त्या साइजची रिम घे. रिम आधी घेतली की तिच्यावर मिळेल तो टायर चढवावा लागतो आणि तिथेच गणित फसतं. घेताना साइडवॉलवरचा चार आकडी तारखेचा कोड वाच, २३२४ म्हणजे २०२४ च्या २३व्या आठवड्यातला माल. दुकानात तीन वर्षं पडून कडक झालेला टायर निम्म्या किमतीत मिळाला तरी ट्रॅकसाठी नको.

टायरच्या जाती मोटामोटी चार. तुझ्यावर आत्ता असेल तो टूरिंग, मिशेलिन प्रायमसी वगैरे त्यातलेच, आरामाचे आणि लांब चालणारे. त्याच्या वर पायलट स्पोर्टसारखे परफॉर्मन्स टायर. त्याच्या वर योकोहामा अॅडव्हान निओवा एडी०९ किंवा ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस, ज्यांचा ट्रेडवेअर आकडा (रबर किती टिकतं त्याचा, कमी म्हणजे मऊ) २०० आहे. आणि टोकाला टोयो आर८८८आर, ट्रेडवेअर १००, जवळजवळ स्लिकच, म्हणजे खाचा फार थोड्या, यालाच सेमी-स्लिक म्हणतात. हा ट्रेडवेअर आकडा प्रत्येक कंपनी स्वतः टेस्ट करून देते त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० एकसारखे नसतात, योकोहामाचाच ए०५२ घे, त्याच्यावर पण २००च लिहिलंय पण तो निओवापेक्षा कितीतरी मऊ आणि लवकर संपणारा. आकडा जात ओळखायला वापर, क्रमवारी लावायला नको.

तुझ्यासाठी काय? पहिल्या वर्षी परफॉर्मन्स टायर, दुसऱ्या वर्षी २०० वाला. कारण सांगतो. परफॉर्मन्स टायर सुटायच्या आधी बोलतो, कुरकुरतो, चुई चुई करतो, हळूहळू सरकतो, आणि तुला कळतं की आपण वळणात जास्त घुसलोय. सेमी-स्लिक गप्प बसतो, गप्प बसतो आणि एकदम सोडतो, आणि तोपर्यंत तुझा वेग दहा-पंधरा किलोमीटरने जास्त असतो. शिकायच्या काळात बोलणारा टायर हवा. आणि दुसरं कारण पाऊस. जुलैमध्ये ताम्हिणीत किंवा हायवेवर पाणी साचलेल्या लेनमध्ये आर८८८आरसारखा टायर पाण्यावर तरंगतो, तिथे तुझं ड्रायव्हिंग कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. सेमी-स्लिक घालून पावसाळ्यात ऑफिसला जाणं मी कोणालाही करू देत नाही, भांडण झालं तरी चालेल.

यावरचा खरा उपाय म्हणजे दोन सेट. रस्त्याचा सेट आहे तोच ठेव, १९५/५५ आर १६ (१९५ मिलिमीटर रुंद, साइडवॉल त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), त्याला हात लावू नकोस. ट्रॅकसाठी १५ इंची दुसरा सेट कर. हो, १७ नाही, १५. पोलोच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीच १५ इंची द्यायची त्यामुळे ब्रेकला अडायचा प्रश्न येत नाही. तुझा आत्ताचा टायर उभा ६२१ मिलिमीटर भरतो, १९५/५५ आर १५ घेतलास तर ५९५. म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी आखूड झाला, कोपऱ्यातून बाहेर पडताना गाडी जास्त जोरात ओढते, आणि गाडी सरळ १३ मिलिमीटर खाली बसली. आणि इथे गंमत बघ, हे १३ मिलिमीटर स्प्रिंग न कापता मिळाले, खालचा आर्म ज्या कोनात होता त्याच कोनात राहिला, सस्पेन्शनची भूमिती जशीच्या तशी. स्प्रिंगने खाली केलेल्या गाडीला हे मिळत नाही, त्यावर पुढे येतो. स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवेल, ट्रॅकवर तो बघायला कोणाला वेळ असतो. लोड इंडेक्स मात्र तपास, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, पोलोला पुरतो, पण माल भरून हायवेला हा सेट नको.

१७ इंचीचं म्हणशील तर २०५/४५ आर १७ पण उभा ६१६ भरतो म्हणजे गिअरिंगचा काही फायदा नाही, साध्या कास्टिंगची रिम सहज नऊ-दहा किलोची, उलट १५ इंची फ्लो-फॉर्म्ड सहा-साडेसहा किलोत मिळते. चारी चाकांचे मिळून बारा-चौदा किलो, आणि तेही फिरणारं वजन, जे वेग घेताना, ब्रेक मारताना आणि खड्ड्यातून चाक वर येताना तिन्हीकडे नडतं. शिवाय साइडवॉल बारीक झाली की हिंजवडीच्या रस्त्यावर एका पावसाळ्यात रिमला वाक येणार, आणि वाकलेली रिम ठोकून सरळ केली की ती ट्रॅकवर न्यायची नाही, अॅल्युमिनियमला आतून चीर गेलेली बाहेरून दिसत नाही.

रिम घेताना पोलोचे आकडे लक्षात ठेव, पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती) ५ बाय १००, मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक मोठं असतं, मग हब रिंग (भोकातली फट भरणारी कडी) लागते, नाहीतर शंभरच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग परत परत करत बसतात. रुंदी साडेसहा किंवा सात इंच. ईटी म्हणजे ऑफसेट, तो जुन्या रिमच्या मागे कोरलेला असतो तो आधी वाच आणि नवा त्याच्या जवळपासच ठेव. रिम एक इंच रुंद झाली आणि ईटी तोच ठेवला तर ती आत आणि बाहेर दोन्हीकडे १२-१३ मिलिमीटर सरकते, आत शॉकअपला जागा किती आहे ते बोट घालून बघ, नंतर कॉइलओव्हर लावलंस तर ती जागा बदलेल हेही धरून चाल. रिमवर जेडब्ल्यूएल, व्हीआयएचे शिक्के (रिमच्या मजबुतीच्या जपानी चाचण्यांचे) बघ, आणि शिक्का असला तरी नामांकित रिमची हुबेहूब नक्कल स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नकोस. त्यापेक्षा कंपनीच्या जुन्या १५ इंची रिम चांगल्या स्थितीत मिळाल्या तर त्या घे, मनापासून सांगतो.

आता बोल्ट. यावर थोडा थांबतो कारण यात जीव जाऊ शकतो. फोक्सवॅगनच्या कंपनी रिमला गोल बसणीचे बोल्ट येतात, बोल्टच्या डोक्याखालचा भाग चेंडूसारखा गोल. बाहेरच्या बहुतेक रिमला साठ अंशांची शंकूसारखी बसण लागते. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत आवळला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका पोराला एका दुकानाने नव्या रिम जुन्याच बोल्टवर लावून दिल्या, तो चेन्नईकडच्या श्रीपेरुंबुदूरजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर गेला, आणि दुसऱ्या सेशनमध्ये गाडी हलायला लागली म्हणून नशिबाने लगेच पिटमध्ये आला. डाव्या पुढच्या चाकाचे पाचपैकी तीन बोल्ट हाताने फिरत होते. मी तिथेच होतो, ते बघून पोटात गोळा आला होता, अजून आठवतं. म्हणून रिमबरोबरच योग्य बसणीचे, योग्य लांबीचे बोल्ट घे, टॉर्क पाना स्वतःचा ठेव, १२० न्यूटन-मीटर, आणि प्रत्येक सेशननंतर चाक जरा निवलं की परत तपास. पंक्चरवाल्याच्या एअर गनवर हे काम सोडायचं नाही.

दुसरा सेट न्यायचा कसा? मागची सीट पाडली की पोलोत १५ इंचीची चारी चाकं बसतात, मी स्वतः नेलीयेत. पुणे ते कोइम्बतूर बाराशेच्या आसपास किलोमीटर, सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, सेलम करत दोन दिवस घे. चाकं पट्ट्याने घट्ट बांध, अचानक ब्रेक मारल्यावर एवढं जड चाक डोक्यात यायला नको. सोबत चांगला जॅक, स्टँड आणि हवा मोजायचा स्वतःचा गेज.

हवेबद्दल. टायर तापला की प्रेशर वाढतं, दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. ट्रॅकवर टायरमधली हवा चाळीस अंशांनी सहज तापते म्हणजे सहा पीएसआय वाढले. रस्त्यावरचे ३२ घेऊन आत गेलास तर दोन-तीन लॅपनंतर ३८ होतात, टायर मधून फुगतो, कडेचं रबर टेकतच नाही आणि तुला वाटतं टायर खराब आहे. म्हणून थंड २८-२९ ने सुरू कर, चार लॅप मारून आत ये, लगेच मोज, आणि गरम ३४-३५ वर आणून ठेव. तिथून पुढे एकेक पीएसआय करून बघ. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारायची, किती खाली पुसली गेली त्यावरून टायर किती मुडपतोय ते दिसतं, दोन रुपयांचा खडू आहे पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी अवजार. संध्याकाळी परत निघताना रस्त्याच्या सेटची हवा तपासायला विसरू नकोस. नायट्रोजनवर पैसे घालवू नकोस, गेज वापरलास तर साधी हवा पुरते.

आता कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय ते (वरचं टोक आत असेल तर निगेटिव्ह), कारण टायरनंतर सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (स्प्रिंग-शॉकअपचा उभा खांब आणि खाली एक आर्म), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा पिळणारा आडवा बीम). कंपनीचा पुढचा कॅम्बर अर्ध्या अंशाच्या आसपास निगेटिव्ह. वळणात गाडी तीन अंश झुकली की बाहेरचं चाक वरून बाहेर कलतं आणि टायरच्या फक्त बाहेरच्या खांद्यावर चालतं. घड्याळाच्या दिशेने चालणाऱ्या ट्रॅकवर, म्हणजे मद्रास किंवा बुद्ध सर्किट, डावा पुढचा टायर बाहेरच्या कडेने सोलून निघतो तो यामुळेच. पुढे दोन ते अडीच अंश निगेटिव्ह केलास की तोच टायर पूर्ण रुंदीने काम करतो. पोलोचा स्ट्रट खाली हबमध्ये क्लॅम्पने धरलेला असतो त्यामुळे बाकी गाड्यांसारखा कॅम्बर बोल्ट टाकून भागत नाही, खालच्या बॉल जॉइंटच्या लांबट भोकांतून थोडासा मिळतो, बाकी वरून कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवणारी) लागते. आणि लोक म्हणतात कॅम्बरने टायर आतून खातो, तर दोन अंशांत तसं फार काही होत नाही, टायर खातो तो बिघडलेला टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून प्रत्येक वेळी टो परत शून्यावर आणायचा. हे न केल्यामुळे तीन हजार किलोमीटरमध्ये तारा दिसायला लागलेले टायर माझ्याकडे आलेत आणि दोष कॅम्बरला.

आणि मग शेवटी सस्पेन्शन. तुझी गाडी चार-पाच वर्षं आपल्या रस्त्यांवर चाललीये, आधी लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे), बॉल जॉइंट, टॉप माउंट तपास आणि गेलेत ते बदल. सैल बुशवर कॉइलओव्हर लावणं म्हणजे कॅम्बर-टो मशीनवर एक आणि ब्रेक मारल्यावर भलताच.

गाडी किती खाली करायची याला सुद्धा हद्द आहे. मॅकफर्सनमध्ये खालचा आर्म आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असतो तोपर्यंत ठीक. गाडी चाळीस-पन्नास मिलिमीटर पाडली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, मग चाक दाबलं गेल्यावर कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो, आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली पडतो, म्हणजे झुकवणारा लिव्हर लांब होतो. गाडी दिसायला रेसची आणि वळणात आधीपेक्षा जास्त झुकणारी, वरून बंप स्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी टेकूवर) आपटणारी. वीस मिलिमीटर, फार तर पंचवीस, त्याच्या खाली नको. वरच्याच हिशोबात उंची ५२ ची ५० केलीस तर ३६८ चे ३५४ होतात, एवढाच फायदा, त्यासाठी स्पीडब्रेकरवर संप (इंजिन ऑइलचं खालचं भांडं) घासायचा का ते तू ठरव.

स्प्रिंग किती कडक? पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने उचललेलं वजन ३०० किलो धर. घरगुती गाडी सव्वा-दीड हर्ट्झला डोलते, १.३ हर्ट्झला चाकापाशी २० न्यूटन प्रति मिलिमीटर लागतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करायचं तर १.८ ते २ हर्ट्झ, म्हणजे ३८ ते ४७. त्याच्या वरचं काही विकत असेल तर ते गुळगुळीत ट्रॅकसाठी आहे, कात्रजच्या उतारावर ते चाक जमिनीवर टिकू देणार नाही आणि जे चाक हवेत आहे त्याला पकड शून्य.

माझी निवड विचारशील तर पहिल्यांदा कॉइलओव्हर नकोच. चांगला शॉकअप घे. बिलस्टीनचा बी६ स्टॉक उंचीच्या स्प्रिंगसाठी आहे, बी८ आखूड आहे, खाली केलेल्या स्प्रिंगसाठी, हे दोन उलटसुलट घेऊ नकोस. लोक स्टॉक शॉकअपवर नुसती लोअरिंग स्प्रिंग लावतात, ती स्प्रिंग जास्त जोरात परत उसळते आणि जुन्या शॉकअपला ती आवरत नाही. स्वस्त कॉइलओव्हरबद्दल तर मुंबईच्या एका गिऱ्हाइकाची गाडी आठवते, एका पावसाळ्यात आटे गंजून रिंग जाम, मागचे दोन्ही शॉकअप तेल सोडलेले, आणि सुटे भाग मिळेनात. बत्तीस क्लिकचं नॉब होतं, त्यातले कुठलेही दोन क्लिक फिरवून फरक जाणवत नव्हता.

पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे, ती जोरात घातली की तोंड वळत नाही, सरळ सरळ जाते. यावर पुढे कडक करायचं नसतं, मागे करायचं असतं. टॉर्शन बीमला मागचा अँटीरोल बार बसतो, तो वाटणी बदलतो, मागची जोडी जास्त ओझं उचलते आणि पुढच्या टायरला श्वास मिळतो. आतलं मागचं चाक वळणात उचललं जाईल, घाबरू नकोस, पुढे ओढणाऱ्या हॅचबॅकमध्ये ते नेहमीचंच. फक्त बार लावल्यावर वळणात घाबरून अॅक्सिलरेटर एकदम सोडायची सवय मोडावी लागेल, मागचा भाग सुटतो, आणि ओल्या रस्त्यावर तर फार पटकन. म्हणून तो पण पहिल्या वर्षी नको.

तू विचारलं नाहीस पण ब्रेकचे पैसे यातूनच काढ. चांगले पॅड आणि नवीन फ्लुइड. साध्या डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडची कोरडी उकळायची मर्यादा किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५, मोतुल आरबीएफ ६०० ची कोरडी ३१२. कारीवर लॅप २.१ किलोमीटरचा, ब्रेकला निवायला सरळ रस्ता फार मिळत नाही, आणि पेडल जमिनीला टेकलं की टायर कितीही चांगला असून काय करणार. आणि विम्याची पॉलिसी काढून वाच, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वापराच्या मर्यादेतून वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर झालेलं नुकसान तुझ्याच खिशातून जाणार असं धरूनच जा.

पैशांचं म्हणशील तर निम्म्याहून जास्त १५ इंची रिम, टायर आणि बोल्टवर, मग पॅड आणि फ्लुइड, मग बुश आणि कॅम्बर प्लेट. शॉकअप पुढच्या वर्षीच्या पैशांतून. या क्रमाने जा, आणि पहिल्या ट्रॅक डेला प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये आल्या आल्या चारी टायरचं तापमान आतून, मधून, बाहेरून असं तीन जागी मोजून वहीत लिही, सुई टोचायचा थर्मामीटर मिळाला तर उत्तम. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पाच-आठ अंश गरम निघाली तर कॅम्बर जमला, मधली सगळ्यात गरम असेल तर हवा जास्त आहे. ते आकडे आणि डाव्या पुढच्या टायरच्या खांद्याचा फोटो मला पाठव, शॉकअप कुठला घ्यायचा ते त्यावरून बघू.